सहकाराची वीज : मुळा-प्रवरेपासून तेलीबांध्यापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा रायपूरच्या मराठी वस्तीचा इतिहास आमच्याकडून अपेक्षित असावा. बिंबाजी भोसल्यांची रतनपूरची कारकीर्द, नागपूरहून इकडे आलेले कारकून, शिक्षक आणि रेल्वेचे नोकरदार यांच्यावर अधिकारवाणीने लिहिणारे जाणकार आपल्यात आहेत. त्यांच्या प्रांतात आम्ही पाऊल टाकीत नाही. आम्ही निवडलेला विषय विजेच्या बिलाचा आहे. सुवर्णमहोत्सवात बिलाची आठवण काढणारा मनुष्य अरसिक ठरण्याचा संभव आहे. तथापि वाचकांनी निमित्त तरी ऐकून घ्यावे.

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांच्या घरी फराळास गेलो होतो. त्यांची कन्या अमेरिकेतील सनीव्हेल या गावी असते आणि दिवाळीकरिता ती माहेरी आली होती. बोलता बोलता तिने आपल्या तिकडच्या घरचे विजेचे बिल दाखविले. त्या एका बिलावर दोन नावे होती. तारा, खांब आणि मीटर पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या जुन्या कंपनीचे. वीज मात्र सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी नावाच्या दुसऱ्याच संस्थेने विकत घेतलेली. सनीव्हेल, क्यूपर्टिनो आणि आसपासच्या गावांनी मिळून ही संस्था उभी केली आणि २०१७ पासून ती तेथील घरांसाठी एकत्रित वीजखरेदी करते. कोणा घरमालकाला त्यात राहावयाचे नसेल तर त्याने तसे कळवून बाहेर पडावे. न कळविले तर तो आतच. मॅसॅच्युसेट्स राज्याने असा कायदा १९९७ साली केला, कॅलिफोर्नियाने २००२ साली केला आणि तेथे पहिला प्रयोग मॅरिन परगण्यात २०१० साली झाला. एकटा गिऱ्हाईक भाव करू शकत नाही, गाव करू शकते, एवढेच त्यामागील तत्त्व.

जमलेली मंडळी म्हणाली, "अमेरिकेत काय काय निघते!" तेव्हा आम्हाला राहवले नाही. आम्ही म्हणालो, हे श्रीरामपूर-राहुरीकडे तुमच्या जन्माआधी होऊन गेले आहे, आणि तेथे तर खांब आणि तारासुद्धा सभासदांच्या मालकीच्या होत्या. कोणाचा विश्वास बसला नाही. हा लेख त्या फराळाच्या ताटावरचा राहिलेला जबाब आहे.

प्रथम आमची पात्रता सांगणे इष्ट. आम्ही कला शाखेचे पदवीधर, केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर टिपणे लिहिणारे. विजेचे शास्त्र आम्हाला अवगत नाही. परंतु नोकरीच्या पहिल्या वर्षांत, १९९० नंतरच्या दशकात, अहमदनगर येथे आमची बदली झाली होती आणि श्रीरामपूर, राहुरी, लोणी या बाजूला कामानिमित्त वारंवार जाणे होई. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. त्या भागातील विजेच्या बिलावर राज्य वीज मंडळाचे नाव नसे, 'मुळा-प्रवरा' असे. आम्ही प्रथम पाहिले तेव्हा हे बिल पाटबंधाऱ्याचे असावे असा आमचा समज झाला होता.

तेलीबांध्याच्या वाचकांना येथे एक गोष्ट सहज पटावी. आपल्या वस्तीचे नावच तेलाचे आणि तलावाचे आहे. घाण्यावरून आणलेल्या तेलात उजेडाचा व्यवहार प्रत्येक घराचा स्वतंत्र होता. ज्याच्याकडे अदपाव तेल असेल त्याची समई पेटे, नसेल त्याचे घर सांजवेळी निजे. शेजाऱ्याच्या तेलाशी आपला संबंध नसे. तलावाचे तसे नाही. तो एकट्याने खणता येत नाही. वीज ही या अर्थी तेलाच्या जातीची नसून तलावाच्या जातीची आहे. कोरब्याच्या वीजघरातून एकट्याच्या घरापर्यंत कोणी तार ओढून आणीत नाही. तार येते ती गावासाठी येते. प्रश्न इतकाच उरतो, की ती आणणारा कोण असावा : कंपनी, सरकार, की गाव स्वतः?

अमेरिकेत हा प्रश्न १९३५ च्या सुमारास ऐरणीवर आला. शहरांतील दहापैकी नऊ घरांत दिवे होते आणि शेतवस्त्यांवर दहापैकी जेमतेम एका घरात. विरळ वस्तीत खांब रोवणे परवडत नाही, असे खाजगी कंपन्यांचे उत्तर होते. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र प्रशासन स्थापिले आणि पुढील वर्षी त्याचा कायदा झाला. कंपन्या पुढे येईनात, तेव्हा शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून सरकारचे स्वस्त कर्ज घेतले, स्वतः तारा टाकल्या आणि घाऊक वीज विकत घेऊन आपसांत वाटली. त्या संस्था आजही चालू आहेत.

हा अनुभव आपल्याकडे आला तो हरितक्रांतीच्या दिवसांत. विहिरीवर पंप बसविल्यावाचून नवे बियाणे फळत नव्हते, पंपाला वीज हवी होती आणि वीज मंडळांकडे खेड्यांसाठी पैसा नव्हता. बी. वेंकटप्पय्या यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण पतपुरवठा आढावा समितीने या कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापावे अशी शिफारस केली आणि जुलै १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ अस्तित्वात आले. त्याच सुमारास अमेरिकन तज्ज्ञांच्या साहाय्याने देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रायोगिक म्हणून निवडण्यात आल्या. आंध्रातील सिरसिल्ला, गुजरातेतील कोडिनार, उत्तर प्रदेशातील लखनौनजीकचा भाग, बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी आणि महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा. या पाचांपैकी एक महाराष्ट्रात आणि एक अगदी सीमेवर, संकेश्वरच्या मुलखात, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुळा-प्रवरेची निवड कशी झाली असेल, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालीच पुरे झाले होते आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने आशियातील पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला होता. भाग भांडवल म्हणजे काय, सर्वसाधारण सभा म्हणजे काय, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. ज्यांनी साखर स्वतः केली त्यांना वीज स्वतः वाटता येईल, हा तर्क स्वाभाविक होता.

१९६९ साली संस्थेची नोंदणी झाली. कारभाराचे स्वरूप सोपे होते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाकडून उच्च दाबाची वीज घाऊक दराने घ्यावयाची. महामंडळाच्या कर्जातून खांब, तारा, रोहित्रे उभारावयाची. आणि घरोघरी व विहिरीवर ती किरकोळ दराने द्यावयाची. वीज घेणारा तोच सभासद. बिल थकले तर आपल्याच संस्थेचे थकले, आणि तार तुटली तर आपल्याच माणसाला हाक मारावयाची. श्रीरामपूर आणि राहुरी हे तिचे मूळ क्षेत्र. त्याला नेवासे, संगमनेर आणि आताचा राहाता या तालुक्यांतील गावे धरून एकूण १८३ गावे तिच्या परवान्यात होती. परवाना संपला त्या वेळी ग्राहकांची संख्या दीड लाखाहून अधिक होती. एखाद्या लहान संस्थानाएवढा हा पसारा.

आम्ही पाहिलेली मुळा-प्रवरा पंचविशीतली होती. राहुरीकडच्या एका वस्तीवर चहा घेत असता तेथील वृद्ध शेतकऱ्याने सांगितलेले आम्हाला अद्याप आठवते. गावात पहिला दिवा लागला त्या रात्री तो शाळेत जाऊन बसला होता. शिकावयास नव्हे, बल्बकडे पाहावयास. त्याच्या विहिरीवर पूर्वी डिझेलचे इंजिन होते. ते बंद पडले म्हणजे कारागिरास आणण्यासाठी बैलगाडी श्रीरामपूरला धाडावी लागे. विजेची मोटर आली आणि त्याचा ऊस वाढला. "वायरमन आमच्या पाव्हण्यातला," तो अभिमानाने म्हणाला. नंतर जरा थांबून, हसत, "म्हणूनच आकडा काढाया त्येचा हात उचलत न्हाई."

त्या हसण्यात संस्थेच्या भवितव्याची एक बाजू होती. तारेवर आकडा टाकणारा परका असता तर त्याच्यावर खटला झाला असता. येथे तो सभासद होता, मतदार होता आणि बहुधा कोणा संचालकाचा भाऊबंदही. सहकाराची जवळीक वसुलीच्या वेळी अडचण होऊन बसते, हे आपण पतपेढ्यांतही पाहिले आहे.

परंतु सारा दोष आकड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. १९७७ साली महाराष्ट्रात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आधारित सपाट दर लागू झाला. पाच अश्वशक्तीचा पंप दिवसा चालो की रात्रंदिवस चालो, बिल तेच. शेतकऱ्याला हे सुटसुटीत वाटले. वीज वाटणाऱ्याला मात्र आपली किती वीज पिकाला गेली, किती तारेत जिरली आणि किती चोरीस गेली हे सांगता येईनासे झाले. वीज मंडळाने हा तोटा कारखान्यांकडून जादा दर घेऊन भरून काढला. मुंबई-पुण्याच्या, ठाणे-नाशिकच्या उद्योगांची बिले विदर्भातील पंपाच्या कामी येत. मुळा-प्रवरेच्या १८३ गावांत असे उद्योग कोठून आणावे? तिच्याकडे होता ऊस, विहिरी आणि घरगुती दिवे. घाऊक वीज घ्यावयाची ती मंडळाने सांगितलेल्या भावाने, विकावयाची ती सरकारने ठरविलेल्या स्वस्त भावाने. या दोन भावांमधील फरक कोणी भरावयाचा, याचे उत्तर कधीच नीट दिले गेले नाही. संस्थेचे म्हणणे, आम्हाला अनुदान कमी मिळते आणि घाऊक दर जास्त लागतो. मंडळाचे म्हणणे, घेतलेल्या विजेचे पैसे द्या. दोघांचेही कागद आपापल्या जागी बरोबर असावेत, असे आम्हास एक जुना टिपणलेखक म्हणून वाटते. फाईल दोन कचेऱ्यांच्या मध्ये पडून राहिली की व्याज वाढते, हा आमच्या नोकरीचा अनुभव आहे. येथेही तेच झाले.

१९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला. २००३ चा वीज कायदा आला. २००५ च्या जून महिन्यात वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे गेले आणि मुळा-प्रवरेकडील थकबाकीचा आकडा तिच्या वहीत आला. तो पुढे दोन हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेला. जानेवारी २०११ अखेर संस्थेच्या परवान्याची मुदत संपत होती. आयोगाने त्या क्षेत्राचा परवाना महावितरणला दिला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून त्या १८३ गावांच्या बिलावरील नाव बदलले. संस्थेने उभारलेल्या खांब-तारांच्या मोबदल्याचा वाद पुढे न्यायाधिकरणापर्यंत गेला. दिवे मात्र त्या रात्री नेहमीप्रमाणे लागले. आपल्याला वीज देणारा बदलला, हे कित्येक घरांना पुढचे बिल हाती आल्यावर समजले असेल.

हुक्केरीची कथा निराळी आहे. तीच योजना, तोच काळ, तसाच घाऊक घेऊन किरकोळ विकण्याचा व्यवहार. पण ती संस्था आजही वीज वाटते आहे आणि कर्नाटकचा आयोग तिचे दर ठरवितो. सिरसिल्ल्याची संस्थाही तेलंगणात काम करते आहे. तेव्हा सहकारात वीज टिकतच नाही, हा जो निष्कर्ष २०११ नंतर अनेकांनी काढला, तो घाईचा म्हणावा लागतो. हुक्केरीने एका तालुक्यात हात आखडून संसार केला. मुळा-प्रवरेचा पसारा मोठा, उसाची तहान मोठी आणि राजकारणही मोठे. आमच्या मते तिचे खरे दुखणे याहून खोल होते. तिने तारा स्वतःच्या केल्या, ग्राहक स्वतःचे केले, पण वीज कायम दुसऱ्याच्या दारातून आणली, आणि तो दुसरा एकच होता. कॅलिफोर्नियातील गावांची वीजखरेदी याच्या बरोबर उलट आहे. तारा जुन्या कंपनीच्याच ठेवल्या आणि वीज मात्र ज्याच्याकडून परवडेल त्याच्याकडून घेण्याची मोकळीक मिळविली. विकणारे अनेक असतील तरच एकत्र येणाऱ्यांच्या शब्दाला वजन येते. मुळा-प्रवरेच्या सभासदांना ती मोकळीक कधी नव्हतीच.

आपल्या कायद्याने मात्र ही वाट पुरती बुजविलेली नाही, हे आम्हाला २००३ चा कायदा वाचताना आश्चर्यकारक वाटले. त्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण भागात घाऊक वीजखरेदी आणि स्थानिक वितरण पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्याचे धोरण केंद्राने आखावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. शहरांसाठी २००५ च्या एका आदेशाने सहकारी गृहनिर्माण संस्थेस एकाच जागी वीज घेऊन आपल्या सभासदांत वाटण्याची मुभा दिली. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने तर संकुलातील रहिवाशांनी एकच जोडणी घ्यावी की घरोघरी वेगळी, याचा निर्णय वितरण कंपनीने मतदान घेऊन बहुमताने करावा, अशी तरतूद झाली. कागदावर इतके आहे. कागद उघडून पाहणारे थोडे.

दरम्यान सूर्याने एक नवी सोय केली. वीज दुसऱ्याच्या दारातून आणण्याची जी अडचण मुळा-प्रवरेस नडली, ती छपरावर पट्ट्या बसविल्या की काही अंशी दूर होते. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी देऊन उरलेली वीज ते एकत्रितपणे वीज कंपनीला विकू लागले. त्याच अहमदनगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी येथे २०१७ साली महाराष्ट्र सरकारने गावच्या फीडरसाठी सौर प्रकल्पाची योजना हाती घेतली. तिचा मालक मात्र गाव नव्हे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी या शंभरएक उंबऱ्यांच्या गावाने सर्व घरांवर सौरवीज घेतली आणि २०२४ साली ते राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून गौरविले गेले. स्वच्छतेपासून अनेक कामे त्या गावाने पूर्वी एकत्र केलेली होती, हे विसरता कामा नये. पट्ट्या बाजारात मिळतात. एकत्र काम करण्याची सवय विकत मिळत नाही.

आता घरचे. तेलीबांध्याची छोटी रेल्वे गेली, तिच्या वाटेवर एक्स्प्रेस-वे झाला, तलावाभोवती संध्याकाळी जत्रा भरू लागली. त्या तलावापासून थोड्या अंतरावरील आमच्या वसाहतीत एकेचाळीस कुटुंबे आहेत. पाण्याचा पंप, जिन्यांतील आणि रस्त्यावरील दिवे हा सामाईक खर्च. २०१८ साली आमच्यापैकी काहींनी असे सुचविले, की सामाईक सभागृहाच्या छपरावर सौर पट्ट्या बसवाव्या आणि वीज सामाईक मीटरला द्यावी. मुळा-प्रवरेची गोष्ट डोक्यात असल्याने सह्यांची वही फिरविण्याचे काम आम्ही आपणहून अंगावर घेतले. पहिल्या आठवड्यात तेवीस सह्या झाल्या. मग प्रश्न सुरू झाले. भाडेकरूने पैसे का द्यावे? ज्याची बदली होईल त्याला भाग परत मिळेल काय? तळमजल्यावरचा म्हणाला, जिन्याचा दिवा मला लागत नाही. एका कचेरीत अर्ज दिला, त्याचे उत्तर पाच महिने आले नाही. आले तेव्हा त्यात आणखी एक कागद मागितला होता, आणि तो कागद आणावयाचा कोणी यावर सभेत अर्धा तास गेला. ज्या रात्री हा विषय निकालात निघाला त्या रात्री विरोध असा कोणी केलाच नाही. हिशेब कोण ठेवील, एवढे अध्यक्षांनी विचारले आणि सभा शांत झाली. त्या शांत बसलेल्यांत आम्हीही होतो. आमची बदली होण्याचा संभव होता, हे कारण आम्ही मनाशी धरले. ती बदली झाली नाही.

परिस्थिती तेव्हापेक्षा अनुकूल आहे, एवढे नोंदविणे कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान ठरले. गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये, ५०० किलोवॅटपर्यंत. दुसऱ्या बाजूस, छत्तीसगढ सरकारने २०१९ पासून घरगुती बिलात दिलेली ४०० युनिटपर्यंतची निम्मी सवलत २०२५ साली आवळली गेली. सवलत आली तशी जाते, हे मुळा-प्रवरेच्या सभासदाला कोणी सांगावयास नको.

आपल्या मंडळाच्या सभागृहाचे छप्पर तेलीबांध्यातील आमच्या छपराहून मोठे आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेत त्यावर सौरसंच बसविण्याचा ठराव यावयाचा आहे, असे कार्यकारिणीकडून समजते. त्या सभेस आम्ही ती जुनी वही घेऊन येणार आहोत. तिच्यातील तेवीस सह्यांपैकी चार जण आज हयात नाहीत आणि सहा जण गाव सोडून गेले. उरलेले तेराजण या मंडळाचे सभासद आहेत. हिशेबाचे पान कोरे आहे. या खेपेस त्यावर पहिले नाव आम्ही आमचे लिहून आणले आहे.